टोमॅटोची जाळी मध्ये ठेवा: अन्नाच्या प्रश्नांवर पहिली बैठक भरवणाऱ्या नाशिककरांसाठी

नाशिकमध्ये भाजीच्या भावावर बोलायला निमित्त लागत नाही. रिक्षात, दाढीच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत कुठेही कांदा निघतोच. पण शेतकरी, गिऱ्हाईक, हातगाडीवाला आणि रेशनच्या रांगेतली बाई एकाच सतरंजीवर बसून बोलतायत, असं क्वचित दिसतं. जो तो आपल्या माणसांत तेच ते बोलतो आणि मधला कुणीतरी खातो असं ठरवून उठतो.

आम्ही मखमलाबादच्या बाजूला राहतो. एका अंगाला द्राक्षबागा, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती. त्यामुळे पिकवणारे आणि विकत घेणारे दोघेही हाकेच्या अंतरावर आहेत. गेल्या काही वर्षांत आम्ही अशा बैठका भरवल्या. काही रंगल्या, काही सपशेल फसल्या. कुणी नव्याने सुरुवात करणार असेल तर त्याने आमच्याच खड्ड्यात पाय घालू नये, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली पायरी: जिन्नस ठरवा

निमंत्रणात ‘अन्नव्यवस्था’ हा शब्द घालू नका. तो वाचून भाषणं करणारे येतात. ‘टोमॅटो’ असं लिहा, मग टोमॅटो पिकवणारा, विकणारा आणि महागला म्हणून आमटीत चिंच घालणारी, तिघंही येतात.

जिन्नस हंगाम बघून घ्यावा. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा चाळीत (साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये) जातो, तेव्हा साठवणुकीवर बोलणं सोपं पडतं, कारण प्रत्येकाच्या डोक्यात तेच चाललेलं असतं. ऑगस्टपासून पिंपळगाव बसवंतला टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागते. जानेवारी ते मार्च द्राक्षं. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडच्या बाया करटुली, कुरडू, शेवळं अशा रानभाज्या घेऊन शहरात बसतात. त्यावर एक वेगळी बैठक होऊ शकते आणि ती बहुतेक सगळ्यात गोड होते.

एका बैठकीला एकच जिन्नस. दुसरा निघाला तर कागदावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी घ्या.

दुसरी पायरी: वेळ शेतकऱ्याच्या घड्याळाची

आमची पहिली बैठक आम्ही शनिवारी संध्याकाळी सहाला ठेवली. नोकरदारांना सोयीची वेळ. सोसायटीतले पस्तीस जण आले, शेतकरी एकही नाही. मला राग आला. ‘यांच्यासाठीच करतोय आणि हेच येत नाहीत,’ असं मी बोलूनही गेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचे दादा भेटले. ते शांतपणे म्हणाले, “ताई, संध्याकाळी सहाला मी पंचवटीत मार्केटला असतो. माल लिलावात लावलेला सोडून येऊ का?”

नाशिकच्या बाजार समितीत भाजीपाल्याचे लिलाव दुपारनंतर, संध्याकाळी रंगात येतात, कारण माल रातोरात मुंबईकडे निघून पहाटे तिथे पोचायचा असतो. इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं. तेव्हा आधी दोन शेतकऱ्यांना आणि एका शेतमजूर बाईला वेळ विचारा, मग बाकीच्यांना कळवा. आम्हाला रविवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा ही वेळ मानवली. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बागायतदार मिळत नाही आणि डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या लागणीला बाया मिळत नाहीत. त्या काळात बैठक घ्यायचीच तर थेट वस्तीवर, रात्री जेवणानंतर घ्या.

तिसरी पायरी: कुणाला बोलवायचं, कुणाला नाही

वीस-पंचवीस माणसं पुरे. पन्नास झाली की दहाच जण बोलतात.

पिकवणारे चार-पाच हवेत आणि त्यात एकाचं तरी रान दोन एकराच्या आतलं असावं. शेतमजूर बाया दोघी तरी. एकटी आली तर ती तोंड उघडत नाही, हे अनुभवाने सांगते. द्राक्षाच्या थिनिंगला (मणी विरळ करायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) आणि कांद्याच्या लागणीला पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या या बायांना मालाचा दर्जा बागायतदारापेक्षा जास्त कळतो, पण त्यांना कुणी विचारत नाही. हातगाडीवर भाजी विकणारा एक. शक्य असेल तर अडत्या (बाजारातला दलाल) किंवा व्यापारी. रेशनकार्डावर धान्य उचलणारं एक घर. अंगणवाडीसेविका किंवा शाळेत खिचडी शिजवणारी मावशी. आणि सातपूर-अंबडच्या कामगारांची मेस चालवणारं कुणी असेल तर सोडू नका, रोज शंभर ताटं वाढणाऱ्याला भावाचा चढउतार पोटात कळतो.

व्यापाऱ्याला बोलावण्यावरून आमच्याकडे भांडण झालं होतं. ‘चोराला कशाला बोलवायचं?’ म्हणून. पण तो नसला की सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटतं आणि बैठक पंधरा मिनिटांत संपते. तो आला, त्याने मुंबईला पोचेपर्यंत किती माल दबून खराब होतो ते सांगितलं, की लोकांना आकडे दुरुस्त करावे लागतात. त्याचीही लबाडी असली तर ती त्याच्यासमोरच पकडता येते.

पुढाऱ्याला बोलवू नका. आम्ही एकदा बोलावलं. ते सव्वा तास उशिरा आले, चाळीस मिनिटं बोलले, फोटो काढून गेले. मागे राहिला चहाचा खर्च आणि शालीचा.

चौथी पायरी: जागा

स्टेज असलेला हॉल नको. स्टेज असलं की कुणीतरी त्यावर चढतंच. देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग, इमारतीचं पार्किंग, बागेतलं शेड, काहीही चालेल. सतरंज्या गोल टाका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या, त्याही गोलातच. माईक नको.

गोलाच्या मधोमध तो जिन्नस ठेवायचा. टोमॅटो असेल तर भरलेली जाळी (प्लास्टिकचा क्रेट). कांदा असेल तर तीन ढीग: चांगला, गोल्टी (बारीक कांदा) आणि चाळीत सडलेला. सडलेल्याचा वास येतो आणि यायलाच हवा. शहरातल्या कितीतरी जणांनी चाळीत खराब होणारा कांदा कधी पाहिलेला नसतो. एप्रिलमध्ये भरलेल्या चाळीतून दिवाळीच्या सुमारास माल काढेपर्यंत वजनातली घट, सड आणि कोंब धरून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कांदा हातचा जातो. ही गोष्ट सांगून पटत नाही. नाकाला पटते.

पाचवी पायरी: पट्टी वाचा

सगळ्या बैठकीचा जीव इथे आहे, म्हणून सविस्तर सांगते.

लिलाव झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी येते. एका शेतकऱ्याला त्याची अलीकडची पट्टी आणायला सांगून ठेवा. नाव-गाव आणि गाळ्याचं नाव झाकून ती एका बाईला किंवा शाळकरी पोराला मोठ्याने वाचायला लावा. शेतकऱ्याने स्वतः वाचली तर ते गाऱ्हाणं वाटतं. दुसऱ्याने वाचली की लोक आकडे ऐकतात.

वाचताना फळ्यावर ओळीने लिहीत जा. समजा वीस किलोची जाळी दोनशे रुपयांना गेली. किलोला दहा रुपये पडले. आता उलटं चला. तोडणीची मजुरी किती, जाळीचं भाडं, शेतापासून मार्केटपर्यंत गाडीभाडं, हमाली, तोलाई, वाराई. प्रत्येक ओळीला विचारायचं, ‘हे कुणी दिलं?’ फळं-भाजीपाल्याची अडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा बदल राज्याने २०१६ मध्ये केला. तरी पट्टीवर एखादी कपात वेगळ्या नावाने दिसते का, ते बघा. आमच्याकडे एका पट्टीवर एक आकडा असा निघाला की तो कशाचा, हे ती आणणाऱ्या शेतकऱ्यालाही सांगता येईना. चार वर्षं तो शेतकरी पट्टी न वाचताच पैसे घेत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने ओळ न् ओळ वाचली.

आता हातगाडीवाल्याकडे या. त्याने तोच टोमॅटो सकाळी कितीला उचलला, त्यात किती दबलेला निघाला, रात्री उरलेला कितीला सोडला, दिवसाला त्याच्या हाताशी काय राहिलं. मग गिऱ्हाईक सांगेल तिने किलोला काय दिलं.

फळ्यावर दोन टोकं दिसू लागली की माणसं आपोआप गप्प होतात. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये असाच हिशोब देशपातळीवर मांडला होता. गिऱ्हाइकाच्या एका रुपयातले टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला साधारण ३३ पैसे, कांद्यावाल्याला ३६, बटाट्यावाल्याला ३७. हा आकडा आधी सांगू नका. तुमच्या फळ्यावरचा हिशोब पूर्ण झाल्यावर सांगा आणि दोन्ही ताडून बघा. जुळला नाही तर का जुळला नाही, यावर अर्धा तास मजेत जातो.

कोथिंबीर घेतली तर हिशोब बदलतो, कारण ती शेकड्यावर विकली जाते. शंभर जुड्यांचा भाव ऐकून शहरातली माणसं तोच एका जुडीचा समजतात आणि हसू होतं. होऊ द्या.

सहावी पायरी: भांडण होणार, त्याची तयारी

कांदा निघाला की सरकार निघतं, आणि सरकार निघालं की आवाज चढतात. ते टाळायला जाऊ नका. फक्त तारखा एका कागदावर आधी लिहून भिंतीला लावा, म्हणजे निदान तारखांवरून भांडण होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क लागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं.

हा कागद बघून एका बैठकीत इंदिरानगरच्या एक काकू म्हणाल्या, “बंदी आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. कांदा साठाचा तीसवर आला.” समोर लासलगावजवळचे एक आजोबा होते. त्यांचा लाल कांदा नेमका तेव्हाच निघाला होता. ते चिडतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, “तुमच्या घरात महिन्याला कांदा किती लागतो?” काकू म्हणाल्या, पाच किलो. “म्हणजे तुमचे दीडशे वाचले. माझं ट्रॅक्टरमागे किती गेलं ते सांगतो.” त्यांनी सांगितलं. काकू गप्प झाल्या. मग मेस चालवणारी बाई बोलली, की तिला दीडशे नाही, महिन्याला काही हजारांचा फरक पडतो, आणि तिच्याकडे जेवणारी पोरं ताटाला दहा रुपये जास्त देऊ शकत नाहीत. आता आजोबा गप्प. माझ्या मते तीच खरी बैठक होती. निकाल काही लागला नाही.

नियम एकच ठेवा: प्रत्येकाने आपल्या घरचं बोलायचं. ‘शेतकऱ्यांना अमुक’, ‘शहरातल्यांना तमुक’ असं वाक्य सुरू झालं की मध्येच थांबवा आणि म्हणा, “तुमच्या घरी काय झालं ते सांगा.” पहिल्यांदा वाईट वाटतं थांबवायला, नंतर लोक एकमेकांना थांबवू लागतात. दुसरं म्हणजे, बायांची फेरी आधी घ्या. पुरुषांनंतर घेतली तर ‘त्यांनी सांगितलंच की’ म्हणून त्या मोकळ्या होतात.

सातवी पायरी: ताटावर या

भावावर दीड तास गेला की कुणीतरी म्हणतं, झालं सगळं. नाही झालं. ताटात काय पडतं यावर अजून कुणी बोललेलं नसतं. अर्धा तास त्यासाठी राखून ठेवाच.

इथे रेशनवाल्या घराला बोलू द्या. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांच्या) कार्डावर घराला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण शहरात प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये. गुणाकार करून बघा: महिन्याला पाच हजार कमावणारा माणूससुद्धा त्याबाहेर जातो. अंबडच्या कारखान्यात रोजंदारी करणाऱ्याच्या हातात केशरी कार्ड असतं आणि धान्य नसतं, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. हा हिशोब एका बैठकीत मांडला तेव्हा तीन बायांनी पिशवीतून कार्डं काढली.

मग नागलीचा (नाचणीचा) विषय काढा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या उतारावरचं हे धान्य. शहरात ती आता ‘हेल्दी’ म्हणून पाकिटातून विकली जाते आणि पिकवणाऱ्या घरातली पोरं रेशनचा गहू-तांदूळ खातात. सुरगाण्याकडची एक मावशी म्हणाली होती, “भाकरी काळी दिसते म्हणून पोरगं डबा उघडत नाही शाळेत.” यावर काय बोलायचं? आम्ही पुढच्या बैठकीला तिच्याकडूनच भाकऱ्या आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी विकत घेतली. वीस मिनिटांत टोपली रिकामी झाली. पोरगंही आलं होतं, ते बघत होतं.

फवारणीचा प्रश्न येईलच. इथे शेतकऱ्याला आरोपी करू नका. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक नमुन्याची औषधांच्या अंशासाठी प्रयोगशाळेत तपासणी होते, हे बागायतदाराला पाठ असतं. इथल्या बाजारासाठी तसं कुणी विचारत नाही, हेही तोच सांगेल. ‘तुम्ही घरी खायला वेगळं लावता का?’ हा प्रश्न मात्र खेळीमेळीत विचारा. उत्तरं प्रामाणिक येतात.

आठवी पायरी: आशा वेगळ्या पद्धतीने विचारा

‘तुमच्या अपेक्षा काय?’ असं विचारलं तर ‘हमीभाव मिळाला पाहिजे’ एवढं एकच उत्तर येतं. मागणी बरोबर आहे, पण तिच्यावर बैठकीत करण्यासारखं काही नसतं. आम्ही प्रश्न बदलला: “पुढच्या दिवाळीपर्यंत तुमच्या घरी, शेतात, गल्लीत खाण्याच्या बाबतीत कोणती एक गोष्ट बदललेली बघायला आवडेल?” प्रत्येकाला चिठ्ठी द्या. लिहिता येत नसेल त्याच्याशेजारी पोर बसवा.

आमच्या टोपलीत निघालेल्या काही चिठ्ठ्या अशा: ‘चाळीला पंखे बसवायचेत.’ ‘सोसायटीच्या गेटवर आठवड्यातून एकदा भाजी घेऊन बसू द्या, वॉचमन हाकलतो.’ ‘शाळेच्या खिचडीत भाजी दिसली पाहिजे.’ ‘सुनेने मला परसात वाल लावू द्यावा.’ शेवटची वाचली तेव्हा सगळे हसले. ज्यांची होती त्या आजीही हसल्या, पण चिठ्ठी त्यांनी परत मागून घेतली.

नववी पायरी: कुठली तक्रार कुठल्या दारात

बैठकीनंतर लोक विचारतात, आता कुठे जायचं. एक कागद तयार ठेवा.

रेशन दुकानाची तक्रार असेल तर आधी दुकानाची दक्षता समिती, मग पुरवठा कार्यालय, हेल्पलाइन १९६७. भेसळीचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासन; बिल आणि उरलेला माल जपून ठेवायला सांगा, नाहीतर तक्रार हवेत राहते. शाळेच्या आहारासाठी शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं. प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. समितीच्या सभेत वही मागून बघता येते. पिकाच्या शंकेला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र, कांदा-लसणाला चितेगाव फाट्यावरचं संशोधन प्रतिष्ठान. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१. माहिती दडवली जातेय असं वाटलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क दहा रुपये. गावात राहणाऱ्यांनी चिठ्ठ्या ग्रामसभेत न्याव्यात आणि ठराव इतिवृत्तात आला का ते वाचून बघावं. शहरात ग्रामसभा नाही, ही अडचण आहेच. आम्ही सोसायट्यांच्या वार्षिक सभांमध्ये गेटवरच्या भाजीचा विषय घुसवला. दोन सोसायट्यांनी रविवारची सकाळ दिली. तिसरीने पार्किंगचं कारण सांगितलं.

नोंदीबद्दल थोडं

दोघांना लिहायला बसवा, एकाला आकडे आणि एकाला बोललेलं. आणि बैठकीतलं काही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी दहादा विचार करा. आमच्यातल्या एकाने पट्टीचा फोटो उत्साहात ग्रुपवर टाकला, नाव झाकायला विसरला. पुढच्या आठवड्यात त्या शेतकऱ्याचा माल लिलावात उशिरापर्यंत कुणी बघितला नाही. योगायोग असेलही. तो त्यानंतर बैठकीला आला नाही आणि त्याच्या घरी जाऊन माफी मागताना मला काय वाटलं ते मला माहीत. आता फोन दाराशी टोपलीत ठेवतो.

उठण्याआधी

मध्ये ठेवलेली टोमॅटोची जाळी उरते. ती फुकट वाटू नका. तिथेच विकायची, पण भाव सगळ्यांनी मिळून ठरवायचा. फळ्यावर पट्टीचा भाव आहे, हातगाडीचा भाव आहे, दोन्ही समोर. आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा घासाघीस चालू झाली ती बैठकीपेक्षा जोरात. शेवटी बावीस रुपये किलो ठरला. हातगाडीवाला म्हणाला, “मग मी काय करू?” त्याचा प्रश्न आम्ही पुढच्या रविवारच्या कागदावर पहिल्या नंबरला लिहिला.